न उघडलेली सुई

"सुई?" पडद्यावरची नजर न हलवता डॉक्टर हळदणकरांनी विचारलं.

"ताजी," हर्षदा म्हणाली.

कोल्हापुरातल्या छातीच्या इस्पितळात, बायोप्सीच्या खोलीत, हे दोन शब्द दिवसातून दहा वेळा तरी बोलले जात. दारात चपला काढाव्यात तितक्या सवयीने. डॉक्टर विचारणार, मदतनीस सांगणार, आणि भिंतीवरचं यंत्र ते ऐकून आपल्या नोंदीतून एक सुई वजा करणार. गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आज टेबलावरचा माणूस खोकून खोकून बेजार झाला होता. अर्धवट गुंगीत असूनही त्याच्या टाचा टेबलावर आपटत होत्या. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा नव्वदवरून शहाऐंशीवर उतरला आणि हर्षदाने त्याचा खांदा धरला, कारण हा माणूस तिचा सासरा होता. सर्जेराव चौगुले, वय अडुसष्ट, कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत चाळीस वर्षं वाळूचे साचे भरलेला. नात्यातल्या पेशंटपाशी मदतनिसाने उभं राहायचं नाही, असा नियम होता. पण दुसरी मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर होती, आणि सूनबाई आत असेल तरच मी ती नळी घशात घालून घेईन, असं मामांनी सकाळीच बजावलं होतं. खरं सांगायचं तर बाहेर बाकावर बसून राहणं तिलाही जमलं नसतं. मी उभी राहते, असं ती म्हणाली आणि डॉक्टरांनी नियमाकडे कानाडोळा केला.

सुई आत गेली. बारा मिनिटांनी भिंतीवरची पारख बोलली, नेहमीच्याच सौम्य आवाजात. पलीकडच्या गाठीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या आहेत. आजार पुढच्या टप्प्यात गेला आहे. शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नाही.

पारख हे त्या यंत्राचं नाव, आणि ते करतं काय हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. फुफ्फुसात कर्करोग झाला, की तो कुठवर पोचलाय हे दोन फुफ्फुसांच्या मधल्या लसिका-गाठी सांगतात. घेवड्याच्या दाण्याएवढ्या या गाठी श्वासनळीला बाहेरून चिकटून असतात. एके काळी त्यांच्यापर्यंत जायला छाती उघडावी लागे. मग तोंडावाटे श्वासनळीत जाणारी नळी आली. तिच्या टोकाला सोनोग्राफीचा डोळा असतो; त्याला भिंतीपलीकडची गाठ दिसते आणि बारीक सुई भिंत भेदून तिच्यात शिरते. ना टाका, ना व्रण, पेशंट संध्याकाळी घरी. फक्त नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि घरच्यांचा आठवडा देव पाण्यात ठेवून जायचा.

पारखने तो आठवडा बारा मिनिटांवर आणला. तिच्या सुईत केसाएवढा काचेचा धागा असतो. त्यातून ती गाठीच्या आतच उजेड पाडून पेशी बघते आणि ओढून घेतलेल्या थेंबातली जनुकं वाचते. लाख निरोगी पेशींत एक जरी कर्करोगाची असली तरी तिला ती सापडते. सर्जेरावांसारख्यांना तर तिचा मोठाच आधार. जन्मभर छातीत गेलेल्या वाळूने त्यांच्या गाठी नुसत्याच सुजलेल्या, आणि स्कॅनला सूज कुठली नि कर्करोग कुठला हे कळत नाही.

सगळा खेळ गाठ कुठल्या बाजूची यावर असतो. कर्करोग असलेल्या बाजूच्याच गाठीत तो असेल, तर कापून काढून, औषधं देऊन बरा करता येतो. पलीकडच्या बाजूला पोचला, तर चाकूचं काम संपलं. म्हणून सुईने आधी सगळ्यात लांबच्या गाठीत जायचं, मग जवळच्या. उलट गेलं तर जवळच्या गाठीतली पेशी सुईला चिकटून लांबच्या गाठीत जायची आणि बऱ्या होणाऱ्या माणसावर शिक्का बसायचा. काही कारणाने लांबच्या गाठीकडे परत फिरावंच लागलं, तर नवी सुई घ्यायची. जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या काळात एखादी चुकार पेशी नजरेतून सुटून जाई, त्यामुळे थोडा हलगर्जीपणा खपून जायचा. पारखच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

आज परत फिरावं लागलं होतं. लांबच्या गाठीतून पहिल्यांदा नुसतं रक्तच आलं होतं, जवळची गाठ तपासून झाली होती, आणि मग खोकल्याच्या त्या गोंधळात डॉक्टरांनी पुन्हा लांबच्या गाठीवर सुई मागितली होती.

सर्जेरावांना वॉर्डात नेल्यावर हर्षदा ट्रे आवरायला लागली. कामाला लागलेले हात बरे असतात. एक फाटलेलं पाकीट तिने कचऱ्यात टाकलं. हिरवं फडकं उचललं. त्याखाली दुसरं पाकीट होतं.

ते फाटलेलं नव्हतं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. कडा बंद, आत सुई जशीच्या तशी. खोकला सुरू झाला तेव्हा तिने ते काढून ठेवलं होतं, एवढं आठवत होतं. फोडल्याचं आठवत नव्हतं. मामांचा खांदा धरायला तिचा डावा हात गेला होता, उजव्याने तिने समोर होती ती सुई पुढे केली होती, आणि तोंडाने सवयीने म्हटलं होतं, ताजी.

ती तिथेच स्टुलावर बसली. आधी लाज वाटली, मग भीती, आणि त्या दोन्हींच्या मागून हळूच आनंद वर आला. म्हणजे मामांच्या पलीकडच्या गाठीत काहीच नसेल. म्हणजे गाठ साफ निघाली तर करायची म्हणून ठरलेली गुरुवारची शस्त्रक्रिया अजून होऊ शकेल.

डॉक्टर हळदणकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पंधरा वर्षांत त्यांनी तिला आवाज चढवून काही म्हटलं नव्हतं. पाकीट हातात घेऊन त्यांनी त्याच्या कडा तपासल्या. मग म्हणाले, की नोंदीत नमुना अपुरा असं लिहू. उद्या सकाळी पुन्हा करू, दुपारपर्यंत निकाल येईल, गुरुवारी ऑपरेशन. पहिल्यांदा नुसतं रक्त आलं होतं हे खरंच आहे, त्यामुळे कुणी विचारणार नाही. हर्षदाने मान हलवली आणि पाकीट खिशात टाकलं. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

उद्यासाठी सुई काढून ठेवावी म्हणून ती कपाटाकडे गेली. पारखच्या पडद्यावर आकडा होता: शिल्लक चार. तिने खोका उघडला. आत सहा पाकिटं होती. सातवं तिच्या खिशात.

तिने पुन्हा मोजलं. सहाच.

नवा खोका पारख आपला आपण मागवायची, म्हणून खोक्याच्या तळाशी काय उरलंय हे कुणी पाहत नसे. तिच्या खिशातलं पाकीट आजचं. उरलेली दोन कुणाची? कधीतरी, कुठल्यातरी दोन दिवशी, या खोलीत "ताजी" म्हटलं गेलं होतं आणि पाकीट फाडलं गेलं नव्हतं. ती म्हणाली होती की दुसरी कुणी, हेही सांगता येत नव्हतं.

तिने नोंदी उघडल्या. दोन वर्षांत एकोणचाळीस वेळा लांबच्या गाठीकडे परत फिरावं लागलं होतं. त्यातल्या अकरा जणांना पारखने सांगितलं होतं, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. अकराही नावं तिला चेहऱ्यासकट आठवत होती. त्यातलं एक दिलीप तोडकर, एसटीचा ड्रायव्हर. निकाल ऐकून त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की गाडी चालवली तर चालेल का. सात महिने झाले त्याला.

ती परत डॉक्टरांच्या खोलीत गेली. आता मात्र ते उभे राहिले. तिने खरं कारण लिहिलं तर काय होईल ते त्यांनी एकेक करून सांगितलं. नोंद थेट वैद्यकीय मंडळाकडे जाईल आणि इस्पितळाची पारख त्याच मिनिटाला बंद पडेल. दोघांची चौकशी होईल. अकराही जणांना पुन्हा बोलवावं लागेल, त्यातले किती हयात आहेत देव जाणे. आणि सर्जेरावांची दुसरी बायोप्सी या इस्पितळात करता येणार नाही. ती पुण्याला, दुसऱ्या लोकांकडून, आणि पुण्याची सगळ्यात जवळची तारीख नऊ दिवसांनंतरची आहे. त्यांची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहे. नऊ दिवसांत काही बिघडेलच असं नाही, पण बिघडणार नाही अशी हमी कोण देणार?

"आणि मी तरी पाकीट बघितलं का?" ते शेवटी म्हणाले. "मी फक्त ऐकलं. पंधरा वर्षं मी फक्त ऐकतोच आहे."

दुपारी चार वाजता ती वॉर्डात गेली. घसा बधिर असल्यामुळे दोन तास काही प्यायचं नव्हतं, आणि सर्जेराव चहासाठी नर्सच्या मागे लागले होते. उशाशी त्यांचा फोन होता. निकाल आधी पेशंटच्या फोनवर जातो असा आता कायदाच होता, त्यामुळे घरच्यांनी लपवायची जुनी रीत संपली होती. त्यांनी सगळं वाचलं होतं.

"पलीकडं गेलंय म्हणं," ते म्हणाले.

"कदाचित गेलं नसेल, मामा." मग तिने सांगितलं. खिशातून पाकीट काढून त्यांच्या पांघरुणावर ठेवलं. उद्याचा सोपा रस्ता सांगितला, नऊ दिवसांचा सांगितला, आणि ती दोन पाकिटंही सांगितली. सांगताना ती रडली, आणि त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

बराच वेळ ते पाकीट बोटांत फिरवत राहिले. चाळीस वर्षं वाळू दाबून ती बोटं सपाट झाली होती.

"पंपाची बॉडी ओतायची होती एकदा," ते म्हणाले. "साच्यात कोअर ठेवताना, म्हंजे मधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, माझा हात लागला. सरकला असंल असं वाटलं मला. साच्याची पेटी उघडून बघायला पाहिजे हुती. पर वर लोखंडाचा रस तयार, मुकादम वरडाय लागलेला. म्हटलं, बसला असंल नीट." ते थांबून खोकले. "माल परत आला. भिताड एका बाजूनं पातळ. शेजारच्या पेटीवर यल्लाप्पा म्हणून हुता, त्याचा साचा समजून त्याला काढला. मी गप बसलो. आज बत्तीस वर्सं झाली."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"भ्या वाटतंय मला," ते म्हणाले. "न्हाई असं न्हाई. पर माझी पेटी तेवढी उघडायची आन् बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे न्हाई व्हायचं. लिही तू."

तिने पाच वाजायच्या आत लिहिलं. पारखचा पडदा काळा झाला. डॉक्टर हळदणकर खोलीतून निघून गेले.

रात्री नवऱ्याचा फोन आला. अभय चाकणला कामाला होता. त्याने आधी ऐकून घेतलं, मग तो इतक्या हळू आवाजात बोलायला लागला की तिला फोन कानाशी घट्ट धरावा लागला. आबांना तू काय म्हणून विचारलंस, असं तो म्हणाला. ते कधी स्वतःसाठी काही मागतील का? उद्या होणारं काम तू नऊ दिवस लांबवलंस.

"त्यांना काही झालं, तर मी तुला हे विसरू देणार नाही," तो म्हणाला, आणि तिला ते खरं वाटलं, कारण अभय उगाच बोलणारा माणूस नव्हता.

ते नऊ दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. तिला कामावरून घरी बसवलं होतं. सर्जेराव सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत, आणि ती स्वयंपाकघरातून त्यांच्या खोकल्याकडे कान लावून असे. कालच्यापेक्षा जास्त आहे का? सूर बदललाय का? शनिवारी थुंकीत रक्ताचा धागा दिसला. त्यांनी तिला तो दाखवला आणि अभयला सांगू नको म्हणून बजावलं.

पुण्याच्या इस्पितळात पेशंटच्या नातेवाइकांना काचेमागे बसू देत. या बाजूला ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती. शेजारी अभय, दोघांच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. आत तिच्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी उभी होती.

"सुई?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"ताजी," मुलगी म्हणाली, आणि तिने फाटलेलं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं, मग डॉक्टरांसमोर. असा आदेश मंडळाने त्याच आठवड्यात काढला होता. मुलीला तो जाच वाटत असावा. तिने पाकीट जरा जोरातच खाली टाकलं.

पहिली सुई लांबच्या गाठीत. नमुना पुरेसा आला. बारा मिनिटं हर्षदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग इथली पारख बोलली, त्याच सौम्य आवाजात.

पलीकडच्या गाठीत कर्करोगाच्या पेशी आहेत. संख्या मोठी.

तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पुण्याचे डॉक्टर बाहेर आले, त्यांनी पडद्यावर पुंजके दाखवले, थवेच्या थवे. सुईला चिकटून आलेल्या पेशी एक-दोन असतात, अशा नसतात. नऊ दिवसांत इतक्या होतही नाहीत, तिथे त्या काही महिने तरी असणार. कोल्हापूरच्या यंत्राने वापरलेल्या सुईतूनही खरं तेच सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी पुन्हा केली असती तरी हेच आलं असतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. अभयने ते ऐकलं, मान हलवली, आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याने ते ऐकलं होतं, पण मानलं नव्हतं. तो कधी मानेल असं तिला वाटेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण तरी मानू का, याचीही तिला खात्री नव्हती.

सर्जेरावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या बाकीच्यांचं काय झालं?"

बाकीच्यांचं पुढच्या महिनाभरात एकेक करून कळत गेलं. अकरा जणांपैकी चौघे गेले होते. त्यांच्याबद्दल आता कुणालाच काही सांगता येणार नव्हतं. सहा जणांचं पहिलं निदान बरोबर निघालं. राहिला एक.

सर्जेरावांची औषधं कोल्हापुरातच सुरू झाली होती. दर मंगळवारी सलाइनमधून चार तास. अशाच एका मंगळवारी हर्षदा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती, आणि समोर एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, हातात कापडी पिशवी. हर्षदाने तिला लगेच ओळखलं, एसटीच्या त्या ड्रायव्हरची बायको.

"मी कांचन तोडकर," तरी बाईने नाव सांगितलं. "यांचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. पलीकडच्या गाठीत काही नाही म्हणाले. औषधानं मेलेल्या पेशींचा मागमूससुद्धा नाही, म्हणजे ते तिथं कधी गेलंच नव्हतं."

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठायला लागली, पण बाईच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, म्हणून तशीच बसून राहिली.

"तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं, हे मला सांगितलं सगळ्यांनी," कांचन म्हणाली. "मी आभार मानायला आलेले नाही. सात महिने आम्ही त्यांना मरताना बघत होतो. वर्षभर काढणार नाहीत म्हणाले, म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत उरकायचं म्हणून पोरीचं लग्न लावलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज सोडलं तिनं. एकोणीस वर्षांची आहे." तिचा आवाज चढला नाही. "ते कसं परत फिरवायचं, ते तुमच्या यंत्राला विचारा."

पंधरा वर्षं प्रश्न यायच्या आत हर्षदाच्या ओठांवर उत्तर तयार असायचं; आज काही आलं नाही. "माझं चुकलं," ती म्हणाली. "त्या दिवशी मीच होते की दुसरं कुणी, हे मला आठवत नाही. मीच असेन."

कांचनने पिशवी खांद्याला लावली आणि जायला वळली. वॉर्डाच्या दारातून आत पलंग दिसत होता, वर टांगलेली बाटली, आणि उशाला टेकून, तोंड वाकडं करून इस्पितळाचा चहा पिणारा एक म्हातारा.

"तुमचे सासरे?" तिने विचारलं. "त्यांच्यामुळेच सापडलं ना हे? त्यांचं आलं का चांगलं?"

"नाही," हर्षदा म्हणाली. "त्यांचं पहिलंच निदान खरं होतं."

कांचन दारातच थांबली. आत म्हाताऱ्याने कप खाली ठेवला आणि तो खोकू लागला. खोकला बराच वेळ थांबला नाही. मग तिने पिशवी खांद्यावरून काढून बाकाखाली सरकवली, आणि ती हर्षदाच्या शेजारी बसली.